करमाळ्याला गेलेला माणूस

एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बाकीचं बायकोला सांगितलं, आईला सांगितलं. ही एवढी राहिली.

मी चोवीस वर्षांचा असताना आमच्या दारात आरोग्य खात्याची एक बाई आली. काखेत वही, उन्हानं तोंड लाल झालेलं. तिनं वहीतून माझं नाव वाचलं आणि विचारलं, "हितंच राहतात ना? तीन आठवडे झाले, गोळ्यांना आले नाहीत."

मी म्हणालो, "तो माणूस करमाळ्याला गेला. आता यायचा नाही."

तिनं वहीत काहीतरी लिहिलं. मी पाणी दिलं, ते प्याली. जाताना म्हणाली, "भेटला कधी, तर अर्धवट सोडू नको म्हणावं त्याला. बरं वाटतंय म्हणजे बरा झाला असं नसतं."

"सांगतो की," मी म्हणालो.

करमाळ्यात माझं कुणीही नाही. आदल्या दिवशी कारखान्यात तिथल्या एका दुकानाच्या टॉवेलच्या गाठी बांधल्या होत्या, म्हणून ते गाव तोंडात आलं. ती बाई मला फसली असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो. आता वाटतं, तिनं ओळखलं असणार. तो निरोप ती कुणासाठी ठेवून गेली हे तिला पक्कं माहीत असणार.

धूळ

सोलापूरच्या आमच्या भागात खोकल्याला एकच नाव आहे: धूळ. मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. दिवसभर कापसाचे तंतू नाकातोंडात. सगळेच खोकतात. कुणी जास्त खोकला तर म्हणतात, "धूळ लागली, गूळ खा." मीही गूळ खाल्ला. दोन महिने गूळ खाल्ला आणि सात किलो उतरलो.

खासगी डॉक्टरांनी फोटो काढून टीबी सांगितला. "सहा महिने सरकारी गोळ्या घे, ठणठणीत होशील," म्हणाले. मग चष्म्यावरून बघत, "लग्नाचं वय आहे. फार कुणाला सांगत बसू नको." भल्या मनानं म्हणाले असतील. पण त्या माणसाचा मला आजही राग येतो. आजार सांगितला त्याच तोंडानं लपवायलाही त्यांनीच शिकवलं.

घराजवळचं केंद्र सोडून मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रात नाव घातलं. दिवसाआड तिथं जायचं, तिथल्या सिस्टरसमोर गोळ्या गिळायच्या. अडीच महिन्यांत तोंडावर तेज आलं, आणि त्याच तेजावर स्थळ घेऊन आलेली वळसंगची माणसं खूश झाली. मुलीचं नाव शैला. तिचे एक काका त्या केंद्राच्या मागच्या गल्लीत राहायचे, हे मला रांगेत उभा असताना कळलं, म्हणजे त्यांनी मला नमस्कार केला तेव्हा. "मित्राला घेऊन आलोय," मी म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून गेलोच नाही. मग ती बाई आली, आणि मी करमाळ्याला गेलो.

डाग

शैलानं लग्नानंतर नर्सिंग केलं. बावीस वर्षं ती सिस्टर आहे, त्यातली बरीच आयसीयूत. चाळिशी ओलांडल्यावर तिनं ठरवलं की परदेशात जायचं. भाकरी थापताना कानात इंग्रजी लावायची. परीक्षेत दोनदा लेखनात अर्ध्या गुणानं गेली, तिसऱ्यांदा पास झाली. त्या देशात एका दवाखान्यात नोकरी मिळाली आणि कायमचं राहायचा अर्ज भरायची वेळ आली. मुख्य अर्जदार ती. मी आणि मुलगी अमृता तिच्या मागं.

त्या देशाच्या अटी पुष्कळ होत्या, पण घरात आम्ही दोनच बोलायचो. प्रकृती चांगली पाहिजे आणि चारित्र्य चांगलं पाहिजे.

चारित्र्यासाठी हवालदार घरी आले. चहा घेतला आणि विचारलं, "केस-बिस? काही डाग?" साक्षीला शेजारचे निवृत्त मास्तर होते. ते म्हणाले, "ह्यांच्या अंगावर डाग म्हणाल तर मागाच्या तेलाचा. दुसरा दाखवा, मी मिशी काढतो." सगळे हसले. मीही हसलो. दाखला आठ दिवसांत आला, स्वच्छ.

प्रकृतीचा फॉर्म शैला संगणकावर भरत होती. कधी क्षयरोग झाला होता का, उपचार घेतलेत का, असा एक प्रश्न होता. एजंटानं फोनवर सांगितलं होतं, "सगळीकडं नो मारा, ताई." मी तिच्या मागं चहाचा कप घेऊन उभा होतो. तिनं प्रश्न मोठ्यानं वाचला आणि म्हणाली, "तुम्हाला कधी काय झालंय? सर्दीसुद्धा मलाच होते." आणि तिच्या बोटानं 'नाही'वर खूण केली.

कप माझ्या हातात होता आणि तोंड रिकामं होतं. एक शब्द लागत होता.

पुण्यातली खोली

त्या देशानं नेमून दिलेल्या डॉक्टर पुण्यात. फोटो काढल्यावर त्यांनी मला आणि शैलाला आत बोलावलं. पडद्यावर माझी छाती होती. वरच्या कोपऱ्यात पांढरट काहीतरी.

"पूर्वी टीबी झाला होता?"

"नाही," मी म्हणालो.

"नाही मॅडम," शैला म्हणाली. "मी स्वतः नर्स आहे. मला कळलं असतं."

डॉक्टर माझ्याकडंच बघत म्हणाल्या, "जुना टीबी होता म्हणून अर्ज फेटाळतात असं नाही बरं का. कागद दाखवायचे, दोन तपासण्या जास्त होतात, वेळ लागतो. लपवलं तर मात्र ते वेगळ्या खात्यात जातं."

दार उघडून धरावं तसं त्या बोलल्या. मी पुन्हा "नाही" म्हणालो. शैलाच्या त्या वाक्यानंतर 'हो' म्हणायचं म्हणजे तिला तिथंच, दुसऱ्या बाईसमोर, खोटं पाडायचं होतं. मी तिचा मान राखतोय असं स्वतःला सांगितलं. भ्याड माणसाला कारणं पटापट सुचतात.

तीन दिवस सकाळी थुंकी दिली. मग आठवडेच्या आठवडे वाट. निकाल आला तो असा: टीबी आहे, आणि नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा आहे. अर्ज थांबवला. निकालाचा कागद शैलानं तीन वेळा वाचला, घडी घातली, आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅसची शेगडी घासायला लागली. आधीच स्वच्छ होती.

वॉर्ड

सरकारी दवाखान्यात पंधरा दिवस होतो. नव्या गोळ्या सुरू झाल्या की माणूस किती सोसतो ते बघायला ठेवतात. सकाळी मूठभर गोळ्या, त्यावर ओकारी येऊ नये म्हणून गप्प पडून राहायचं, मग ईसीजीची पट्टी, मग नाश्ता जो खाली जात नाही. खिडकीला एक कडुलिंब होता. सिस्टर नावानं हाक मारायच्या, खाटेच्या नंबरानं नाही. ही छोटी गोष्ट आहे, पण ती ज्याला मिळते त्याला विचारा.

शेजारच्या खाटेवर रशीदभाई, टेंपो चालवायचे. आजार झाल्याचं ते चहावाल्यालासुद्धा सांगायचे. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "मेरा दूसरी बार है. पैली बार बीच में छोड दिया था मैं. तुमारा?"

"पहिलंच."

ते हसले, खोकले, पुन्हा हसले. "पैली बार में ये गोलियाँ नै मिलते मियाँ. या तो ये बीमारी कोई दिया तुमकू, नै तो तुमीच घर में बनाए."

तेच डॉक्टरांनी दुसऱ्या शब्दांत विचारलं. पूर्वी अर्धवट उपचार? मी म्हणालो, नाही. घरात कुणी दवाखान्यात काम करतं? मी म्हणालो, हो, बायको.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. त्यांनी कुणावर आरोप केला नाही. तो घरी तयार झाला.

माफी

शैलाची आणि अमृताची तपासणी झाली. दोघी स्वच्छ. अमृता बारावीत होती, तिला वळसंगला आजोळी ठेवलं. मी घरी आलो त्या दिवशी माझी आई, आम्ही तिला अव्वा म्हणतो, ओट्याशी उभी राहून शैलाला ऐकू जाईल असं बोलली, "दवाखान्यातनं लोक पगार आनत्यात. हिनं रोग आनला."

संध्याकाळी शैला माझ्या खोलीच्या दारात मास्क लावून उभी राहिली. म्हणाली, दोन वर्षांपूर्वी आयसीयूत तसल्याच टीबीचा एक पेशंट होता, अकरा दिवस तिच्याकडं होता, एकदा मास्क सैल झाला होता. दिवस तिनं मोजून ठेवले होते. "माझ्यामुळं झालं हो तुम्हाला," म्हणाली.

आणि मी काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, "जाऊ दे. तू काय मुद्दाम केलंस?"

मी तिला माफ केलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला मोठं मन असल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

औषधं अठरा महिने चालली. अंगाची कातडी काळी पडली, लोक विचारायचे, शेतात राबता का. तळपायाला मुंग्या, चप्पल निसटली तरी कळायचं नाही. सकाळची ड्युटी असो, रात्रपाळी असो, शैला गोळ्या वाटीत मोजून ठेवायची, खाल्ल्या की वहीत खूण करायची. मी एकही चुकवली नाही. या वेळी दारात येणारी बाई घरातच होती.

ओटी

आठव्या महिन्यात अक्काच्या नातवाचं बारसं होतं. अक्का माझी थोरली बहीण, करकंबला दिलेली. थुंकी केव्हाच स्वच्छ आली होती, माझ्याकडून कुणाला धोका नाही असं डॉक्टरांनी कागदावर दिलं होतं. आम्ही दोघं गेलो.

मला मांडवात खुर्ची दिली. टॉवेल-टोपी देऊन मान केला, "बिचाऱ्यानं लई सोसलं" म्हणत. जन्मभर टॉवेल विणून घेणाऱ्या माणसाच्या गळ्यात टॉवेल. आत माजघरात बायका पाळण्याभोवती होत्या. शैला पुढं झाली तशी अक्का म्हणाली, "वैनी, तू लांबूनच बघ. दवाखान्यातली हायेस. लेकरू बारकं हाय."

आयसीयूच्या आधी बाळंतिणींच्या वॉर्डात हजारांवर बाळं हाताळलेली बाई भिंतीला टेकून उभी राहिली.

निघताना सगळ्या सुनाबाळांच्या ओट्या भरल्या. शैलानं पदर पसरला. अक्कानं खण, नारळ, तांदूळ तिच्या पदरात घातले नाहीत. खाली पाटावर ठेवले. "घे तितनं," म्हणाली. शैला वाकली आणि उचलून घेतले. मी उंबऱ्याशी उभा होतो. चौदा-पंधरा बायका बघत होत्या. मी गळ्यातला टॉवेल घडी करत होतो.

येताना एसटीत ती नारळ मांडीवर धरून बसली. मोहोळ मागं पडल्यावर म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं. लेकरू लहान आहे."

पत्र

मी बरा झालो. अर्ज पुन्हा उघडला. त्या देशाच्या कार्यालयानं खुलासा मागितला: हा आजार कसा झाला असावा, पूर्वी कधी उपचार झालेत का, दोघांच्या सहीनं कळवा.

रविवारी दुपारी शैलानं इंग्रजीत पत्र लिहिलं आणि मला मराठीत वाचून दाखवलं. 'माझ्या पतीला हा संसर्ग माझ्या कामामुळे, माझ्या निष्काळजीपणाने झाला असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.' पेन माझ्याकडं सरकवलं.

"निष्काळजीपणा का लिहिलंस?" मी विचारलं.

"मास्क सैल होता ना. खरं ते लिहावं. तिथं चारित्र्य बघतात."

माझ्याच्यानं पेन उचलवलं नाही. मी तिला सांगितलं. धूळ, गूळ, दुसऱ्या टोकाचं केंद्र, रांगेतले तिचे काका, अडीच महिने. दारातली बाई तेवढी सांगितली नाही, ते धाडस झालं नाही. शैला ते इथंच वाचेल.

शैला मराठीत भांडते, मराठीत रडते. कानडी फक्त आईशी बोलते. त्या दिवशी ती माझ्याशी कानडीत बोलली. "साकु," म्हणाली. पुरे. मग मराठीत, "मी सॉरी म्हणाले होते तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

"आठवतंय."

"मोठ्यानं म्हणा."

मी म्हणालो. "जाऊ दे. तू काय मुद्दाम केलंस?"

तिनं पत्र फाडलं आणि नवं लिहिलं. सगळं खरं. मी म्हणालो, आता नाकारतील. ती म्हणाली, "लायसन्स माझं आहे. खोट्यावर माझी सही एकदा झाली, ती न कळत. आता नाही होणार."

नाकारलं. प्रकृतीचं कारण नव्हतं, माझी छाती त्यांना चालली असती. अर्जात खोटी माहिती दिली, हे कारण. पोलिसांचा स्वच्छ दाखला त्याच फाइलीत होता.

मोरी

नकार आला त्या संध्याकाळी मी अव्वाला सांगितलं, की सुनेनं काही आणलं नव्हतं, ते माझंच होतं, लग्नाआधीचं.

ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मला ठाव हाय की."

"काय ठाऊक आहे?"

"मोरीत तुजी लघवी लाल दिसायची. गोळ्यांनी. तुज्या मामाला बी तसंच व्हायाचं. मी पानी वतायची, कुनाला दिसू नये म्हनून."

"मग शैलाला का बोललीस?"

"तू गप हुतास. म्या म्हनलं, पोराचं काय तरी असंल मनात."

मी आयुष्यात आईवर ओरडलो नव्हतो, तेव्हा ओरडलो. ती लसूण सोलत राहिली. ओरडून झाल्यावर कळलं की तिला बोललेलं प्रत्येक वाक्य मला लागू आहे. पंचवीस वर्षं एका घरात दोन माणसं एकच गोष्ट झाकत होती, आणि झाकण म्हणून तिसरं माणूस वापरत होती.

आता

हे वाचणाऱ्यात कुणाच्या गोळ्या चालू असतील, तर त्या पुऱ्या करा, हे तुम्हाला डॉक्टर सांगतीलच. मी दुसरं सांगतो. एका माणसाला सांगा. ज्याच्याशी लग्न ठरतंय त्याला, नाहीतर निदान दारात वही घेऊन आलेल्या बाईला. सांगितल्यानं एखादं लग्न मोडेल. लपवल्यानं काय मोडतं ते माझ्या घरात येऊन बघा, चहा मीच करतो हल्ली. आणि 'धूळ लागली' म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, गूळ तुम्ही खा.

शैलानं नवा अर्ज केला आहे. ती आणि अमृता. माझ्या नावापुढं तिनं लिहिलं, सोबत येणार नाही. ते तिनं मला वाचून दाखवलं, आणि मी मान डोलावली. तिची प्रकृती चांगली आहे, चारित्र्य चांगलं आहे. या वेळी होईल असं सगळे म्हणतात. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. माफ केलंय का, हे मी विचारलेलं नाही. तो शब्द माझ्या तोंडी शोभत नाही.

अक्काला अजून काही माहीत नाही. मी करकंबला जायला दोनदा निघालो. एकदा पंढरपूरच्या स्टँडवरून परत आलो. दुसऱ्यांदा तिच्या घरी पोचलो, नातवाला मांडीवर घेतलं, चहा प्यालो, आणि "सहज आलो होतो" म्हणून उठलो. अक्कानं विचारलं, "वैनी बरी हाय न्हवं?" मी म्हणालो, "बरी आहे."

शैला विमानात बसायच्या आधी करकंबच्या त्या माजघरात, त्याच बायकांना बसवून, रोग माझा होता हे मला माझ्या तोंडानं सांगायचं आहे, आणि तसाच एक नारळ अक्काला पाटावरून उचलून शैलाच्या पदरात घालायला लावायचा आहे. एवढं मी शैलाचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.